हळदीकुंकवाचं चित्र

दुष्काळ सरला, हिप्परग्याचा तलाव पुन्हा भरला आणि मुकुंदरावांचं डोकं पुन्हा फिरलं. आठवडाभर कचेरीत मान मोडून काम करणारा हा शहाणा कारकून रविवार उजाडला की सायकलला रंगांची पेटी अडकवून जो पळायचा, तो दिवेलागणीला चिखलाने माखून परतायचा. कागदावर कधी तरवडाची पिवळीजर्द फुलं, कधी रुईचा गुच्छ, तर कधी पाण्यात बुडी मारून नुसतं बूड वर ठेवलेलं बदक.

घरात या कलेची कदर होत नव्हती असं नाही. तरवडाच्या चित्राने पापडाचा डबा झाकला होता आणि बदकांचा एक थवा फडताळात डाळीच्या डब्यांखाली पसरला होता. आपलं एक तरी चित्र चौकटीत बसून बैठकीच्या भिंतीवर लागावं, चार माणसांनी मान वर करून ते बघावं, एवढंच या गृहस्थाचं आयुष्याकडे मागणं होतं. पण भिंतीचा मुलूख बायकोचा, गोदावरीबाईंचा, आणि तिथे कॅलेंडरशिवाय कोणाला थारा नव्हता.

म्हणून संक्रांतीच्या आधी बायको आपणहून म्हणाली, "अवो, यंदा बायका यायच्यात. समोरच्या भिंतीवर लावायला हळदीकुंकवाचं एक चांगलं चित्र काढून द्या की," तेव्हा मुकुंदरावांचा कानांवर विश्वास बसेना.

"हळदीकुंकवाचं? तुला आवडतं?"

"म्हंजे काय! कुटल्या बाईला आवडत न्हाई?"

बायको बदकांची नावंसुद्धा लक्षात ठेवते, या विचाराने ते हरखूनच गेले. हळदीकुंकू हे त्यांचं सगळ्यांत लाडकं बदक. अंगाने मातकट, पण काळ्या चोचीच्या टोकाला हळद, आणि कपाळाशी कुंकवाची दोन बोटं. त्यांनी रजा टाकली, काठावरच्या गवतात पालथं पडून सर्दी ओढवून घेतली आणि अशी जोडी काढली की बघत राहावं. मागे तरवड फुललेला. चित्र चौकटीत बसवून, वर टॉवेल टाकून त्यांनी स्वतः भिंतीला लावलं. "बायका आल्यावरच टॉवेल काढ," असं बजावून ते आतल्या खोलीच्या पडद्याआड जाऊन उभे राहिले.

बायका जमल्या. गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यांच्या गप्पा झाल्या. मग हेडमास्तरांच्या रुक्मिणीबाईंसमोर गोदावरीबाईंनी मोठ्या तोऱ्यात टॉवेल ओढला.

"अगंबाई," रुक्मिणीबाई म्हणाल्या, "ही बदकं कुणाकडं निघाली वाण लुटायला?"

एकच हशा पिकला. गोदावरीबाई कुंकवासारख्या लाल झाल्या. "अवो, बाहेर या आदी!"

मुकुंदराव बाहेर आले आणि शिंकले. "याला हळदीकुंकू बदकच म्हणतात," ते पुटपुटले, तसा हशा दुप्पट झाला. गोदावरीबाई चित्र उतरवायला तरातरा स्टुलावर चढल्या. मुकुंदरावांचं तोंड बघवत नव्हतं.

गलका ऐकून स्वयंपाकघराच्या दारात मथुराआक्का आल्या. मुकुंदरावांची थोरली बहीण. ऐन तरुणपणी नवरा गेला तेव्हापासून त्या इथेच होत्या. हळदीकुंकवाच्या दिवशी त्या तिळगूळ वळायच्या, वाणाची ताटं मांडून द्यायच्या आणि आतच थांबायच्या. तसं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच कधी पडली नव्हती.

"मुकुंदा, यातली बायको कुटली रे?" त्यांनी विचारलं.

"ही उजवीकडची. पण ओळखू येत नाही, आक्का. हळदीकुंकू दोघांनाबी असतं."

"आन नवरा मेला म्हंजे?"

"तरी राहतंच की. जन्माचंच असतं ते. पुसणार कोण?"

"लई बरं हाय बाई बदकिणीचं," आक्का हसून म्हणाल्या आणि आत वळल्या.

या वेळी कोणी हसलं नाही. चौकटीवर हात ठेवून गोदावरीबाई स्टुलावर तशाच उभ्या राहिल्या. मग चित्र तिथेच सोडून त्या खाली उतरल्या.

"वन्सं, थांबा. इकडं या. पाटावर बसा."

आक्का नको नको म्हणत राहिल्या. रुक्मिणीबाईंनी घसा खाकरला. तोवर गोदावरीबाईंनी करंड्यात बोट बुडवलं होतं.

चित्र अखेर भिंतीवर राहिलं. पण त्या संध्याकाळी त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. मुकुंदरावसुद्धा नाही. ते आक्काच्या कपाळाकडे बघत होते.