पारसनं नाकारलेलं लग्न

मंचरच्या एसटी स्टँडसमोर चांगदेव बाणखेल्यांचा फोटो स्टुडिओ होता. सबंध तालुक्यातली लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, सगळं वर्षानुवर्षं त्यांनीच काढलं. आलेल्या माणसाला ते कधी नाही म्हणाले नव्हते. वैशाखात एका दिवशी दोन-दोन, तीन-तीन लग्नं घ्यायचे. इकडं अक्षता पडल्या की मोटारसायकल काढून तिकडं.

मग शहाण्णव साली किराणावाल्या नेमीचंदशेटच्या पारसनं पेठेत स्टुडिओ थाटला. पोरगा बोलायला गोड, पण धंद्यात हट्टी. एका दिवशी एकच लग्न घ्यायचा. पुढाऱ्यांच्या सत्काराला सरळ नाही म्हणायचा. चांगदेवांना वाटलं, हा वर्षभरात दुकान बंद करील. झालं उलटंच. पारस मोकळा नाही म्हणून राजुरीच्या एका बागायतदारानं लेकाच्या लग्नाची तारीख पुढं ढकलली. हे कानावर आलं त्या दिवशी चांगदेवांना जेवण गेलं नाही. आपण सगळ्यांना हो म्हणत उन्हातान्हात पळालो, आपल्यासाठी कुणी मुहूर्त हलवला नाही.

त्यानंतर ते गिऱ्हाइकाला आधी एकच विचारू लागले, पारसकडं जाऊन आलात का? हो म्हटलं की वाटेला लावायचे. बायको अंजना म्हणायची, तो विचार करून नाही म्हणतो, तुमी रागानं म्हणता. ते ऐकून सोडून देत. संध्याकाळी घरी जाताना मात्र वाट वाकडी करून पारसच्या दुकानाच्या काचेपुढं थांबत, नवे कुठले फोटो लावलेत ते बघत. एखादा फसलेला दिसला की तेवढंच बरं वाटे. फसलेले फार नसत.

दोन हजार एक साली त्यांच्या उज्ज्वलाचं लग्न ठरलं. कन्यादानाला बसायचं म्हणजे कॅमेरा दुसऱ्याच्या हाती देणं आलं. चांगदेवांनी आळेफाट्याच्या एका ओळखीच्या फोटोग्राफरला सांगायचं मनात धरलं. तेव्हा अंजनानं भीतभीत सांगितलं, की उज्ज्वला परस्पर पारसकडं जाऊन आली, आणि त्यानं नाही म्हटलं.

पोरगी तिकडं गेली याचा राग यायच्या आधीच त्यांना दुसरं झोंबलं. राजुरीकरांचं लग्न चालतं, आणि माझ्या घरचं नाय? ते तसेच चपला घालून निघाले.

पारस काउंटरवर पासपोर्ट फोटो कापत होता. उठून त्यानं खुर्ची पुढं केली. चांगदेव बसले नाहीत.

“त्या दिवशी दुसरं लग्न हाये का तुझ्याकडं?”

“न्हाई, काका.”

“मग माझ्याच पोरीला का नाय म्हणलास?”

पारसनं काचेकडं बोट केलं. “तुमी संध्याकाळी काचेपुढं उभे राहता. मला आतून दिसतं. मी लग्नाला आलो तर तुमी दिवसभर माझ्याकडंच बघाल. तिच्याकडं बघायचं राहून जाईल.”

चांगदेवांचे कान तापले. परत फिरावं असं वाटलं, पण ज्याच्यापासून लपवायचं त्यालाच सगळं ठाऊक होतं. ते खुर्चीत बसले.

“तिला तूच पायजेस,” ते खाली बघत म्हणाले. “ये.”

पारस आला. सकाळभर चांगदेव त्याला पारखत राहिले. हा उजेडाच्या विरुद्ध का उभा राहतो, फ्लॅश कुठं धरतो. पारस निम्मा वेळ नुसता उभाच होता. याला जमत नाही, असं वाटून त्यांना थोडं सुख झालं. मग भटजींनी उज्ज्वलाचा हात त्यांच्या हातात दिला. तो थंडगार होता. पुढचं त्यांना नीट आठवत नाही.

अल्बम आला. त्यात तोच हात होता, आणि हातावर वाकलेला त्यांचा चेहरा. आपण रडत होतो हे त्यांना आत्ता कळलं. फोटो कधी काढला तेही कळलं नव्हतं. ते कितीतरी वेळ बघत राहिले. पोरीच्या आठवणीनं घर खायला उठलं, आणि त्या आठवणीच्या मागोमाग जुनी जळजळही वर आली. हा फोटो आपल्या हातून निघाला नसता.

त्यांनी पारसकडून त्याची मोठी प्रत करून घेतली आणि स्वतःच्या दुकानात लावली. गिऱ्हाइकं विचारायची, कुणी काढला? ते पारसचं नाव सांगायचे. दर वेळी जड जायचं, तरी सांगायचे.