परत केल्याची सही

तिच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, त्याला अकरा वर्षं झाली. पत्र शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवलं होतं. तो खंड मी शक्यतो उघडत नसे.

पत्र एका आरोग्य केंद्रातल्या सिस्टरचं होतं. त्यांच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड फार. शाळेतल्या त्र्याऐंशी मुलांचे दात तपकिरी पडलेले, एकोणीस जणांचे गुडघे आत वळलेले. 'तुमच्या संस्थेतल्या एका रसायनतज्ज्ञाने दोन बादल्या, तुरटी, चुना आणि वाळू एवढ्यावर हे पाणी घरच्या घरी शुद्ध करायची पद्धत बसवली आहे, असं ऐकलं. तो अहवाल ग्रंथालयात आहे का? असल्यास प्रत पाठवाल का?' एवढंच.

अहवाल होता. ग्रंथपाल म्हणून मीच त्याची नोंद केली होती. पण तो आमच्या संचालक साहेबांनी घरी नेला होता. त्यांच्या मोठ्या जलशुद्धीकरण प्रकल्पाची मंजुरी तोंडावर आली होती, आणि दोन बादल्यांत काम भागतं असं सांगणारी अठ्ठावीस पानं त्यांना नको होती. मी पत्र घेऊन केबिनमध्ये गेलो तेव्हा चौघेजण बसलेले.

"काय वाळवी, आज कागद खायचे सोडून इकडे कुठे?" मला ते वाळवीच म्हणत. सगळे हसले. मीही हसलो, हे लिहिताना अजून लाज वाटते.

"साहेब, तो पाण्याचा अहवाल..."

"असा अहवाल आपल्याकडे आलाच नाही. रजिस्टरात असेल तर रेघ मारून टाका."

मी रेघ मारली. पट्टी लावून, सरळ. प्रकल्पाची कोनशिला बसली, त्यापुढे काही बसलं नाही.

कार्ड मात्र मी फाडलं नाही. त्यात धैर्य वगैरे काही नव्हतं. आमच्याकडे पुस्तक नेणारा कार्डावर सही करतो, पुस्तक परत येईपर्यंत कार्ड पेटीत राहतं, आणि परत करताना त्यावर दुसरी सही होते. अहवाल परत आला नव्हता, म्हणून कार्ड पेटीत होतं. निवृत्तीच्या दिवशी ते खिशात घालून घरी आणलं. नोकरीतली माझी एकमेव चोरी.

गेल्या महिन्यात साहेबांचा फोन आला. ते आता नव्या विज्ञान-तंत्रज्ञान धोरणाच्या समितीचे अध्यक्ष. मसुद्याला संदर्भसूची हवी होती. "तुमच्याइतकं वाचलंय कोणी, वाळवी?"

"जाऊ नका," बायको म्हणाली. "आणि गेलातच तर एकदा तोंड उघडून या."

"काय बोलू?"

"अहो, अकरा वर्षं आंघोळ करताना जे पुटपुटताय तेच."

गेलो. साहेबांच्या घरी बसून मसुद्याचं कलम नऊ वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. लोकांच्या पैशातून झालेलं संशोधन लोकांसाठी खुलं राहील, आणि कुणीही मागितलेल्या माहितीला तीस दिवसांत उत्तर मिळेल. कलम चांगलं होतं. खरं तर उत्तम होतं. ते यांच्या नावाने छापून येणार म्हणून माझं डोकं सणकलं. सोळा तारखेला त्यावर जाहीर सुनावणी होती.

पाणी प्यायला उठलो तर खिडकीतल्या कुंडीखाली एक तपकिरी पुठ्ठा दिसला. कोपऱ्यात आमचा शिक्का. कुंडी उचलली. तोच अहवाल. मागची पानं फुगली होती, पण अक्षर वाचता येत होतं.

"साहेब, हा ग्रंथालयाचा आहे."

"कुठला? हां, तो होय. न्या की. कुंडीखाली दुसरं काहीतरी ठेवतो."

त्यांना आठवतही नव्हतं. मी अकरा वर्षं या माणसाचा द्वेष जिवापाड सांभाळला, आणि त्याच्या लेखी ती कुंडीखालची वस्तू होती. तोवर माझा बेत नुसता पुटपुटण्याचा होता.

दुसऱ्या दिवशी कार्ड घेऊन गेलो. "परत केल्याची सही लागते, साहेब."

"अजून तेच! वाळवी ती वाळवीच." हसत हसत त्यांनी सही ठोकली, तारीखही घातली. कार्ड वाचलं नाही. ते कधीच वाचत नसत. आम्ही पेन्सिलीने बाण काढून द्यायचो, ते तिथे सही करायचे. मी बाण काढूनच नेला होता.

एकाच कार्डावर त्यांच्याच दोन सह्या, मध्ये अकरा वर्षं. न आलेला अहवाल त्यांनी नेला होता आणि परतही केला होता. घरी येताना मी चक्क शीळ घालत होतो.

सगळ्याच्या प्रती काढून मूळ अहवाल ग्रंथालयात जमा केला. नवी ग्रंथपाल गोंधळली. "काका, ही नोंद तर खोडलेली आहे."

"मीच खोडली होती. पुन्हा लिहा. आणि त्या पानाची एक प्रत मला द्या."

मग आरोग्य केंद्रात फोन लावून पत्राखालचं नाव सांगितलं. "सिस्टर लसीकरणाला गेल्यात, दुपारी येतील," कुणीतरी म्हणालं. माझं नाव न सांगता मी फोन ठेवून दिला. पण त्या अजून तिथेच होत्या.

पत्राचा पहिला खर्डा चार पानांचा झाला. त्यात साहेबांना ठेवणीतल्या शिव्या होत्या, एकही शब्द दोनदा न वापरता. दोनदा वाचला, मजा घेतली, फाडला. शेवटी एवढंच राहिलं:

'सिस्टर, अहवाल होता. प्रत सोबत आहे. सातव्या पानावर मापं आहेत. सगळं सोडून आधी ते करा. कार्डाची प्रतही आहे. रजिस्टराच्या पानावरची रेघ माझी आहे. सोळा तारखेला या आणि कलम नऊवर बोलायला उभ्या राहा. अध्यक्षांना कार्ड दाखवा आणि त्यांचीच सही त्यांच्याकडून वाचून घ्या. कलम पडू देऊ नका. माणूस पडला तर पडू दे. मी तिसऱ्या रांगेत असेन. रेघेबद्दल मला सगळ्यांसमोर विचारा.'

शेवटचं वाक्य मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा लिहिलं.

पोस्टातल्या बाईंनी पाकीट काट्यावर ठेवलं. "बरंच जड आहे, काका. एवढं काय लिहिलंय?"

"माझं एकच पान आहे," मी म्हणालो.

त्यांनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.