सहा घरे हवा

सामानाच्या खोलीत एकूण सोळा चेंडू होते. त्यांतले सहा सामन्याचे, सात सरावाचे आणि तीन असे, की ज्यांना चेंडू म्हणायला आता कुणी तयार नव्हते. जाळ्या दोन. कोपऱ्यांवर रोवायचे झेंडे चार. खिडकी एक, ती उघडत नसे. दार एक, ते नीट बंद होत नसे. आणि त्या दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला मी. मित्रांनो, मी एक जुना पंप आहे.

मला एक पितळी नळी आहे, लाकडी मूठ आहे, पाय रोवायला खाली लोखंडी पट्टी आहे आणि छातीवर काचेची गोल तबकडी आहे. तबकडीवर वीस घरे आहेत. एक घर म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाचा दहावा भाग. सामन्याच्या चेंडूत सहा घरांपासून अकरा घरांपर्यंत हवा चालते, असा नियम आहे. सहाच्या खाली चेंडू बाद, अकराच्या वरही बाद. माझी सगळी गोष्ट या मधल्या पाच घरांत घडली.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे तपासणीच्या टेबलावर एक बाई बसत. त्यांनी मला एका खात्रीच्या तबकडीशेजारी जोडले, तीनदा हवा भरली, तीनदा दोन्ही काटे पाहिले आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा खोटं बोलायचा नाही गं. जाऊ दे याला." तेवढ्या एका वाक्यावर मी जगात आलो.

क्लबात आल्यावर पहिली काही वर्षे माझे हालच झाले. तेव्हाचा सामान सांभाळणारा मला ओल्या जाळ्यांखाली फेकून द्यायचा. माझे कातडी वॉशर तेलावाचून कडक झाले, मुठीला बुरशी आली. मग एके दिवशी एक उंच माणूस लंगडत आत आला. त्याने मला पुसले, उघडले, वॉशरला तेल चोळले आणि दोनदा दाबून पाहिले. "चला, म्हणजे दोघंही अजून चालतोय," तो म्हणाला. सगळे त्याला दादा म्हणत. मीही मनातल्या मनात दादाच म्हणू लागलो.

दादा नऊ वर्षे या क्लबाचा गोलकीपर होता. शहरातल्या मोठ्या क्लबाने त्याला दोनदा बोलावले होते आणि तो दोन्ही वेळा गेला नव्हता. मग गुडघा गेला. अध्यक्षांनी टाळ्यांच्या कडकडाटात त्याच्या हाती सामानाच्या खोलीची किल्ली दिली. दादा लंगडला तरी कुरकुरला नाही. सुई चेंडूत घालण्याआधी तो ती जिभेने ओली करायचा आणि प्रत्येक चेंडूचा दाब फळ्यावर लिहायचा. माझे बरे दिवस आले होते.

दादाचा धाकटा भाऊ याच क्लबात पुढच्या फळीत खेळायचा. अंगाने चांगला धिप्पाड, तरी सगळे त्याला बारक्याच म्हणत. लांबून गोल मारावा तो त्यानेच. त्याला कडक चेंडू लागायचा. "दादा, दहाचा दे," तो दारातूनच ओरडायचा, आणि दादा काटा बरोबर दहाच्या घरावर आणून थांबायचा. त्या वर्षी बारक्याने दहा सामन्यांत तेरा गोल केले. ते तेराही माझ्या हवेवर झाले, याचा मला गर्व होता. लपवून काय करू?

अकराव्या सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी बारक्या आत आला. हातात सरावाचा चेंडू होता. बोलता बोलता त्याने मला खिळ्यावरून काढले.

"दादा, पत्र आलंय. सोमवारी हजर व्हायचंय."

दादाने विचारले नाही कुठे ते. "आठ सामने राहिलेत," तो म्हणाला. "आठच. आपण वरच्या गटात जातोय, बारक्या. ते झालं की जा. मी स्वतः बॅग भरून देतो."

"तेव्हा बोलावतील का ते?"

"खेळ असाच राहिला तर घरी येऊन घेऊन जातील."

"आणि पाय मोडला तर?"

बारक्याने कोरडीच सुई चेंडूत खुपसली आणि रागारागाने मला दाबू लागला. सुई वाकली आणि कटकन मोडली. अर्धी चेंडूत, अर्धी माझ्या तोंडात. त्याने मला जमिनीवर टाकले आणि तो निघून गेला.

बारक्या मोठ्या क्लबात गेला आणि पुढच्या आठ सामन्यांत आमच्या संघाने चार गोल केले. वरच्या गटात जायला एक गुण कमी पडला. मी इतकी वर्षे चेंडूंत हवा भरली, पण या पोराच्या डोक्यात कुणी भरली ते मला कळले नाही. दादाने त्याच्याशी बोलणे सोडले. बारक्याचा फोन आला की तो न बोलता आईकडे देत असे. असे चौदा महिने गेले. मित्रांनो, सूड वाईट असतो, असे तुम्हाला शाळेत शिकवले असेल. मला कुणी शिकवले नाही. त्या चौदा महिन्यांत मी रोज एकच गोष्ट मागितली. तो परत यावा, आणि माझ्या समोर यावा.

आणि तो आला! चषकाच्या सामन्यात मोठ्या क्लबाची गाठ आमच्याशी पडली, तीही आमच्याच मैदानावर. सामन्याचे चेंडू यजमानांनी द्यायचे असतात.

दादाने दार लोटून घेतले. भिंतीवर दोन मीटरवर खडूने रेघ मारली आणि तिथून दहा घरे हवेचा चेंडू खालच्या फरशीवर सोडला. तो एक मीटर पंचेचाळीसपर्यंत उसळला. मग त्याच चेंडूतली हवा काढून काटा सहावर आणला आणि पुन्हा सोडला. एक मीटर अठ्ठावीस. दादाने दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले, वजाबाकी केली आणि बऱ्याच दिवसांनी हसला. त्या सतरा सेंटीमीटरांत आमचा सूड बसत होता, आणि वर तो नियमातही बसत होता.

आठवडाभर त्याने आमच्या पोरांना सहाच्या चेंडूवरच खेळवले. पोरे कुरकुरली.

"दादा, बॉल आहे की उशी?"

"उशी आहे. पण डोकं टेकू नकोस, पळ."

हळूहळू त्यांना सवय झाली. लांबून मारणे सोडून ती जवळजवळ पास देऊ लागली.

सामन्याच्या सकाळी दादाने सहाही चेंडू सहावर आणले. रेफरीने आपला काटा लावून पाहिला. "जरा मऊच वाटतोय."

"नियमात आहे ना साहेब?"

"आहे."

"मग झालं तर."

माझ्या खिळ्यावरून दाराच्या फटीतून मैदानाचे एकच टोक दिसते, आमच्या डाव्या बाजूचा गोल. पहिल्या अर्ध्यात मोठा क्लब त्याच गोलावर चालून येत होता. बारक्याने दोनदा लांबून मारले. तोच पाय, तीच ताकद. पण चेंडू अर्ध्यातच दमला आणि आमच्या गोलकीपरने तो बाळ उचलावे तसा उचलला. प्रेक्षकांतून कुणी ओरडले, "काय रे बारक्या, मोठ्या क्लबात जेवायला देत नाहीत का?" सगळे मैदान हसले. मित्रांनो, मला आनंद झाला. वॉशरपासून मुठीपर्यंत झाला. मध्यंतराला आम्ही एक शून्यने पुढे होतो. अजून पंचेचाळीस मिनिटे आणि दादाचे उट्टे निघणार होते.

दार ढकलून बारक्या आत आला. अंगावर परक्या रंगाचा सदरा. पिशवीतला एक चेंडू उचलून त्याने अंगठ्याने दाबला.

"सहाचा आहे."

"नियमात आहे," दादा म्हणाला. चौदा महिन्यांतला त्याचा हा पहिला शब्द.

"मी कुठे नाही म्हणतोय? आठवडाभर यांना सहावरच खेळवलं असशील."

"हो."

बारक्या हसला. "सॉलिड आहेस. आमच्याकडे चार प्रशिक्षक आहेत, पण माझ्यासाठी एवढं डोकं कुणी चालवलं नसेल."

"हसू नकोस. आठ सामने होते. फक्त आठ."

"आणि तुझी नऊ वर्षं होती." बारक्याचा आवाज एकदम खाली आला. "तू थांबलास ना दादा? दोनदा थांबलास. मग गुडघा गेला तेव्हा यांनी काय दिलं तुला? हा पंप. मला पंप नको होता रे."

ते मला झोंबले. आजवर मी स्वतःला दादाचा सोबती समजत होतो. मी त्याच्या निष्ठेच्या बदल्यात मिळालेली वस्तू आहे, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते.

दादाने बारक्याच्या हातातला चेंडू काढून पिशवीत टाकला. मग म्हणाला, "पंपाला काही बोलू नकोस. तो चांगला आहे. सुई तू मोडलीस त्याची."

"माहितीये."

"सॉरी म्हणालास?"

बारक्याने माझ्याकडे पाहिले. बाहेर शिट्टी वाजली. "येतो," म्हणून तो पळाला.

सॉरी तो म्हणाला नाही. मी ते लक्षात ठेवले आहे.

दादाने पिशवीतले पाच चेंडू फरशीवर मांडले; सहावा रेफरीकडे होता. एक उचलला, सुई ओली केली आणि मला जोडले. माझे वॉशर तिथेच फाटावे, असे मला फार वाटले. पण हवा भरू नये, असे मला करता येत नाही. कारखान्यातल्या बाईंनी मला तसे सोडलेलेच नव्हते. दादाने नऊ वेळा मूठ दाबली. काटा सहावरून दहावर गेला. बाकीच्या चार चेंडूंना त्याने हात लावला नाही. चार मऊ आणि एक कडक, असे पाचही पिशवीत टाकून तो लंगडत सीमारेषेकडे गेला. कोणता आत फेकायचा ते आता त्याच्या हातात होते.

दुसऱ्या अर्ध्यात बारक्या पलीकडच्या गोलावर खेळत होता. तो मला दिसत नाही. मला नुसते आवाज आले. बऱ्याच वेळाने आमच्या कुणाचा तरी फटका भिंतीपलीकडे गेला असावा, कारण सगळे ओरडले, "गेला, गेला! दादा, दुसरा दे!" मग थोडी शांतता. मग पाहुण्यांच्या बाकांवरून मोठा जल्लोष. पाच मिनिटांनी पुन्हा तसाच. आमच्या बाजूने एकच आवाज आला, "अरे, हा आता कसा लागला?"

शेवटची शिट्टी झाली. आम्ही एक दोनने हरलो. चषकातून बाहेर.

मित्रांनो, तुमच्या शाळेत किंवा क्लबात माझ्यासारखा कुणी टांगलेला असेल, तर एवढे करा. सुई ओली केल्याशिवाय चेंडूत घालू नका. राग आला असेल तेव्हा तर मुळीच घालू नका. वॉशरला महिन्यातून एकदा तेल द्या. आणि सामना संपला की चेंडूचा दाब पुन्हा मोजा, दादा मोजतो तसा, जिंकलात तरी आणि हरलात तरी.

दादा आत आला. ज्या चेंडूवर सामना संपला, तो त्याच्या काखेत होता. तो खाली बसला, दुखरा पाय लांब केला, सुई ओली करून चेंडूत घातली आणि माझ्या तबकडीवरची धूळ अंगठ्याने पुसली. काटा थरथरला आणि थांबला.

दहा घरे.