भरतीचा डाव

मुलांना खेळ बनवायला शिकवते म्हटलं की लोक आधी माझ्या हातांकडे बघतात, मोबाईल कुठाय म्हणून. समुद्रकाठच्या झाईच्या शाळेतल्या सुट्टीच्या वर्गातही तेच झालं. मी तलासरीहून एसटीने खडू आणि दोरी घेऊन आले, तर मुलांची तोंडं उतरली. त्यांना सांगितलं, बाळांनो, मोबाईलमधला खेळही आधी कुणाच्या तरी डोक्यात मांडलेला असतो. जिंकायचं कसं, मरायचं कसं आणि नियम काय, एवढं ठरलं की झाला खेळ, बाकी सगळी रंगरंगोटी.

सहावीतल्या उन्नतीला हे चटकन कळलं. तिने भरतीचा खेळ बनवला. एकाने भरती व्हायचं, बाकीच्यांनी लांबच्या रेघेवरून शिंपले वेचून आणायचे, आणि भरती शिवली की मेलात. तिची धाकटी बहीण जानी अजून बालवाडीतली. ती दर डावात पहिली मरायची आणि भोकाड पसरायची. मग उन्नतीने नियम घातला, जानी कच्चा लिंबू. भरती शिवली तरी ती मरत नाही. लहानग्यांना आपल्याकडे असंच खेळात घेतात, त्यात नवं काही नव्हतं. मी फक्त एक बजावलं, डाव सुरू झाला की नियम बदलायचा नाही, नाहीतर खेळावर कुणाचा विश्वास राहत नाही. बजावताना माझा आवाज चढला असणार, तो चढतोच.

वर्ग सुटल्यावर मी एसटीची वाट बघत उभी होते. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणारी सोनूबाई धापा टाकत आली. म्हणाली, बाई, चला लवकर, पोरं वाळूच्या पट्ट्यावर गेलीत आणि पाणी फिरलंय, भरती लागलीय. मी डोंगराकडची, समुद्र लांबून बघितला तरी छाती धडधडते. तरी तशीच तिच्यामागे धावले.

पोहोचले तेव्हा बाकीची पोरं परत आली होती, भिजलेली. उन्नतीने खोटी भरती काढून टाकून खरी घेतली होती. पाणी फिरलं की पळायचं, ज्याला शिवेल तो मेला. सगळे पळाले. जानी पळाली नाही. ती लांब वाळूच्या उंचवट्यावर एकटीच झग्याच्या ओच्यात शिंपले भरत होती. इथली भरती लबाड, समोरून येताना दिसते आणि तोवर मागून भरलेली असते. तिच्या आणि आमच्या मधल्या खोलगट जागेत पाणी चढायला लागलं होतं. बोटी गेलेल्या, किनाऱ्यावर एक पुरुष नव्हता. सोनूबाईने धावत जाऊन उन्नतीची वेणी पकडली आणि सोडेना. एक गेली तर गेली, दुसरी जायला नको, असं ती पुटपुटत होती.

सोनूबाईने हाका मारल्या, शिव्या दिल्या, खाऊचं आमिष दाखवलं. जानी हसली आणि हात हलवून ओरडली, "मी मरत नाय!"

इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. चपला फेकून मी पाण्यात शिरले. थोडी पुढे गेले आणि पाय मांडीपर्यंत गाळात रुतला. तो उपसावा तर दुसरा रुतला. पोरं हलकी, या गाळावरून पळत जातात, मोठं माणूस अडकतं. पाणी कमरेला लागलं. मी देवाचा धावा करत होते आणि मधेच त्या कार्टीला नावं ठेवत होते. माझ्या हातात दुसरं काहीच नव्हतं.

"बाई," मागून उन्नतीचा आवाज आला. तिचे ओठ पांढरे पडले होते. "नियम बदलू?"

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. ही पोर इतका वेळ माझ्या परवानगीसाठी थांबली होती.

"बदल," मी ओरडले. "आत्ताच्या आत्ता बदल."

उन्नतीने तोंडाभोवती हात धरले. "ए जानी, तू आता कच्चा लिंबू नाय. पक्की हायेस. भरती शिवली तर तू पन मरशील."

जानीचं हसू गेलं. तिने वळून पाण्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. ओचा सुटला, शिंपले सांडले आणि ती किंचाळत सुटली. पाणी तिच्या कमरेला आलं, मग छातीला. मधेच ती दिसेनाशी झाली. डोकं वर आलं तेव्हा मी अंग लांबवून तिचा झगा पकडला. मग सोनूबाईने पदर फेकला आणि सगळ्या पोरांनी मिळून आम्हा दोघींना ओढून काढलं.

कुणीच तिला रागावलं नाही. सोनूबाई तिचं अंग पुसत होती. जानी रडत नव्हती, नुसती कुडकुडत होती, आणि आमच्याकडे न बघता समुद्राकडे बघत होती.

"बाबा बोटीवर गेलाय," ती उन्नतीला म्हणाली. "तो तरी कच्चा लिंबू हाय ना?"

उन्नतीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून हो म्हटलं. समुद्राकडे बघायचं मात्र मला धाडस झालं नाही.