मशीनवरचं कोपर

दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर एक जुना स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर येऊन बसला होता. उचलताना कंबरेचे टाके ढिले व्हावेत असं धूड. बाहेरून कोणकोणते सिग्नल येतात ते हिरव्या पडद्यावर सुळक्यांसारखं दाखवायचं, हे त्याचं काम. प्रयोगशाळेच्या मॅडमनी बजावलं होतं, "आम्हाला बाहेरचं दिसायला हवं. हे स्वतःच मध्ये बडबडत असेल तर शोधून काढा."

तपासायची रीत सोपी. मशीनच्या तोंडाला टोपण लावायचं, म्हणजे बाहेरचं काही आत शिरत नाही. तरीही सुळका दिसला, तर तो मशीनच्याच पोटातला.

दुरुस्तीवाल्यानं टोपण लावलं. पडद्याच्या मधोमध एक सुळका ऐटीत उभा. वायरी हलवून झाल्या, बटणं पिळून झाली, शिव्याही देऊन झाल्या. सुळका ढिम्म.

तेवढ्यात सासरे आले. निवृत्त झाल्यापासून ते लेकीकडेच राहत आणि "मी काय करू?" असं विचारत घरभर फिरत. त्यांनी मशीनच्या कोपऱ्यावर कोपर टेकलं आणि विचारलं, "जावईबापू, मी काय करू?"

सुळका गायब.

"बाबा, हलू नका!"

"का? विंचू आहे?"

"कोपर उचला जरा." सुळका परत हजर. "ठेवा." पुन्हा गायब.

मग बायकोचं कोपर ठेवून पाहिलं. वरच्या मजल्यावरच्या पैलवानाची दोन्ही कोपरं ठेवून पाहिली. सुळका कोणालाच भीक घालेना. सासऱ्यांनी बाही नीट दुमडली. "असतं एकेकाचं," ते म्हणाले.

दुपारी मॅडम आल्या. दुरुस्तीवाल्यानं आणखी थोडी सवड मागितली, पण त्यांचं काम अडलं होतं. त्यांनी पडदा पाहिला, कोपर पाहिलं, मग सासऱ्यांकडे पाहिलं.

"हे येतील का बरोबर?"

दुरुस्तीवाल्यानं तोंड उघडायच्या आत सासरे म्हणाले, "पाठीची खुर्ची लागेल." आणि ते चपला शोधायला गेलेसुद्धा.

मशीन आणि सासरे घेऊन मॅडमची गाडी गेली. बायकोनं कपाळाला हात लावला. "अहो, माझ्या वडिलांना सुटा भाग म्हणून देऊन टाकलंत?"

दुरुस्तीवाल्याला एकच कोडं पडलं. सासऱ्यांचंच कोपर का? तो रिकाम्या टेबलाशी उभा राहिला आणि एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला. बाकी सगळ्यांनी मशीनच्या मधोमध दाबलं होतं. सासऱ्यांनी नेमका कोपरा धरला होता.

तो तडक प्रयोगशाळेत पोहोचला. तिथे सासरे खुर्चीत, कोपर मशीनवर, आणि सगळा स्टाफ त्यांच्याभोवती चवड्यांवर चालत होता. एक शास्त्रज्ञ त्यांना वर्तमानपत्राची पानं उलटून देत होता.

"जावईबापू, हळू बोला," सासरे कुजबुजले. "काम चालू आहे."

त्यानं मशीन बंद करून झाकण उघडलं. त्या कोपऱ्याखाली आतल्या कप्प्यावरचा पत्रा सैल होता. त्याचा एक स्क्रूच पडला होता. वरून दाबलं की पत्रा टेकायचा आणि कप्प्यातली बडबड आतच राहायची. त्यानं नवा स्क्रू बसवला, टोपण लावून मशीन सुरू केलं. कोणाचंही कोपर नाही, आणि पडदा स्वच्छ.

टाळ्या वाजल्या. सासऱ्यांनी तेवढी दुमडलेली बाही खाली सोडली.

"दुसरं एखादं मशीन असेल तर…" ते मॅडमना म्हणाले.

मॅडम मनानं चांगल्या. त्यांनी शेजारचं मशीन दाखवलं. सासऱ्यांनी त्यावर कोपर ठेवलं, आणि जिथे काहीच नव्हतं तिथे टुणकन सुळका उगवला. मॅडमनी त्यांचा हात धरून अलगद बाजूला घेतला.

दुरुस्तीवाल्याला वाटलं, स्क्रू उद्या बसवला असता तरी जग बुडालं नसतं.

फाटकाशी पहारेकऱ्यानं विचारलं, "आजोबा, इतक्यात निघालात?"

"कोपर दुखायला लागलं," सासरे म्हणाले. "म्हणून मीच सोडलं."

पहारेकऱ्यानं जावयाकडे पाहिलं.

"हो ना," दुरुस्तीवाला म्हणाला. "थांबा म्हणून हातापाया पडत होते सगळे."