चार सारखे आकडे

मिस्त्रीने मला ओळखलं नाही, हे पाहून मला बरं वाटलं. चाळीस वर्षांत माझे केस पिकले, पाठ वाकली. त्याचं फक्त पोट सुटलं होतं आणि हाताखाली पाच माणसं आली होती.

भाचीची जुनी पेट्रोलची टर्बो गाडी चढावर नुसती ओरडायची, ओढायची नाही. भाची ती घराजवळच्या गॅरेजात न्यायला निघाली होती. "नको, या मिस्त्रीकडेच नेऊ," मी म्हणाले. का, ते तिला सांगितलं नाही.

चाळीस वर्षांपूर्वी हा एका वर्कशॉपमध्ये हेडमिस्त्री होता. माझा नवरा तिथे मेकॅनिक होता आणि मी सुट्या भागांच्या खोलीत होते. नवरा रॉकेलने हात धुऊन यायचा, दुपारी आम्ही लाकडी खोक्यावर डबे उघडायचो, आणि त्याच्या पोळीलाही ग्रीसचा वास यायचा. त्या वासासाठी मी अजून जीव टाकीन.

एकदा बड्या गिऱ्हाइकाची टर्बो गाडी आली. तेव्हा तसली गाडी म्हणजे नवल. नवऱ्याने काम करून दिली आणि दुसऱ्याच दिवशी ती परत आली. ओढत नाही म्हणे. मिस्त्रीने प्लग काढले, भोकात दाबाचं मीटर बसवलं आणि मला हाक मारली. "बाई, आत बसा. सांगेन तेव्हा चावी फिरवा."

मी चारदा फिरवली. चारही सिलिंडरांचा दाब निम्म्यावर आला.

"तेल न बघता पळवली आणि पिस्टनच्या रिंगा जाळल्या," मिस्त्री सगळ्यांदेखत म्हणाला. मालकाने नवऱ्याला उभ्या उभ्या काढलं. इंजिन कुणी उघडून पाहिलंच नाही. बदलून टाकलं, जुनं भंगारात गेलं.

घरी नवऱ्याने एकच विचारलं, "चावी फिरवताना तुझा पाय कुठे होता?"

"कुठे म्हणजे? खाली."

"अॅक्सिलरेटर दाबायला नाही सांगितलं त्याने?"

"नाही."

तो कपाळावर हात मारून हसला. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला नाही तर हवेची वाट बंद राहते. इंजिनाने श्वासच घेतला नाही, तर ते दाबणार काय? "रिंगा जळतात त्या एखाददुसऱ्या सिलिंडरच्या. चौघं भाऊ एकदम सारखेच आजारी पडले, तर आधी वैद्याकडे संशयाने बघावं," तो म्हणाला.

सकाळी तो मिस्त्रीला हे सांगायला गेला. मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं. "तुझं बरोबर असेल. पण मी आता मालकासमोर बोलून बसलोय." बस, एवढंच. नवऱ्याला पुढे कुठल्याही गॅरेजने उभं केलं नाही. 'इंजिन जाळणारा' हे नाव त्याच्याआधी तिथे पोचलेलं असायचं. पाण्याचे पंप दुरुस्त करत तो म्हातारा झाला आणि गेला.

आता भाचीच्या गाडीचे प्लग निघाले, मीटर लागलं. मिस्त्री पुढे वाकला, त्याचा मुलगा शेजारी वही घेऊन उभा राहिला.

"चावी मी फिरवते," मी म्हणाले.

"मावशी, तू?" भाची म्हणाली.

"का? माझे हात झडलेत का?"

"बसू द्या आजींना," मुलगा म्हणाला.

"आजी कुणाला म्हणतोस? तुझ्या बापाहून मी लहान आहे."

पोरं हसली. मिस्त्री वर न बघता म्हणाला, "बाई, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा."

आता सांगायला शिकला होता! माझा पाय मी अॅक्सिलरेटरला न लावता मुद्दाम खालीच ठेवला. चारदा चावी फिरवली. मुलाने चार आकडे लिहिले.

मिस्त्रीने वही पाहिली. "संपलं. चारही गेले. रिंगा जळल्यात, इंजिन उतरवावं लागेल."

"नक्की?"

"पन्नास वर्षं हेच करतोय, बाई."

"मग आता पाय दाबून फिरवते. लावा मीटर."

तो ताठ झाला. मुलाने मीटर लावलं. काटा उडी मारून वर गेला. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे ठणठणीत. मुलाने लगेच खाली हात घातला आणि टर्बोची हवा इंजिनात नेणारा रबरी पाइप चिरलेला दाखवला.

"तुम्ही पाय दाबलाच नव्हता!" मिस्त्री ओरडला. "फसवलंत मला!"

"फसवलं. चार सारखे आकडे बघून तुला शंका यायला हवी होती. तेव्हा आली नाही, आजही नाही." मी दार उघडून खाली उतरले. "पण पाय दाबायचा असतो हे तुला कुणी शिकवलं?"

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा उतरला. ओळख पटली होती.

"कुणी शिकवलं, बाबा?" मुलाने विचारलं.

"झालं ते झालं, बाई," मिस्त्री पुटपुटला. "माणूसही गेला आता."

"नाव गेलं नाही. तुझा मुलगा विचारतोय."

पोरांच्या हातातले पाने थांबले. त्याने खिशातून चिंधी काढून उगाच हात पुसले.

"हिच्या नवऱ्याने," तो म्हणाला. "त्याने इंजिन जाळलं नव्हतं. मला माहीत होतं."

भाची माझा दंड धरून म्हणाली, "मावशी, चल आता. बास झालं."

"मागच्या दोघा पोरांना ऐकू गेलं नाही," मी मिस्त्रीला म्हणाले. "मोठ्याने सांग."