सगळ्यांच्या फोनमधलं नाव

"बॉस, माझा फोन पॅडला घेतच नाहीये!"

"दोन्ही बटणं एकदम दाब. एकदम म्हटलं ना! पीठ मळतोयस का?"

"दाबली. दिवा लुकलुकतोय. आता?"

"आता फोनमध्ये बघ. 'वायरलेस कंट्रोलर' असं नाव येईल. त्यावर बोट ठेव."

"इथं तर तीन वेळा आलंय तेच नाव!"

"सगळ्या पॅडचं नाव एकच असतं, शहाण्या. कंपनीला दुसरं सुचलं नाही, त्याला मी काय करू? एकेक करून दाब. ज्यानं दिवा स्थिर होईल तो तुझा."

कंपालातल्या ब्वाइसे वस्तीत लुबोवाचा गेम हॉल होता. तिथं दिवसभर हेच चालायचं. हॉल म्हणजे काय, पत्र्याची शेड, चार बाकडी, दोन टीव्ही. आधी त्याच्याकडे गेमची मोठी मशीन होती. एकदा वीज अशी काही उसळली की मशीनमधून धूरच निघाला. मग लुबोवानं डोकं लढवलं. फोन तर आता सगळ्यांकडे असतोच. त्यानं नुसते पॅड आणले, दोन्ही हातांत धरून बटणं दाबायचे. पोरांनी आपला फोन आणायचा, त्याला हॉलचा पॅड जोडायचा, फोनचं चित्र टीव्हीवर टाकायचं आणि फुटबॉल खेळायचा. वस्तीतला प्रत्येक तरुण कधी ना कधी तिथं बसून गेलेला.

हॉलच्या दारातच एका बाईची चपात्यांची शेगडी होती. तिला जुळी मुलं होती, म्हणून सगळी वस्ती तिला नालोंगो म्हणायची. खरं नाव कुणाला माहीत नव्हतं, आणि विचारायची गरजही नव्हती. जुळ्यांच्या आईला इथं मान असतो. तिच्या अंगाला धक्का लावायचा नाही, आणि तिच्या तोंडून वाईट शब्द निघेल असं वागायचं नाही. हे इथल्या गुंडालाही कळतं.

त्या शनिवारी दुपारी लुबोवाचा नवा काळा पॅड गायब झाला.

रविवारी स्पर्धा होती. लुबोवानं आठवडाभर सगळीकडे सांगून ठेवलं होतं, फायनल नव्या पॅडवर होणार! आणि आता पॅडच नाही. त्यानं बाकडी उलटी केली, टीव्हीमागे हात घातला, कोपऱ्यातलं पोतं उपसलं. पॅड नव्हता.

"सकाळी शेवटी कोण खेळत होतं?" सेंटोंगोनं विचारलं. सेंटोंगो मोटारसायकलवरून भाड्यानं सवाऱ्या न्यायचा आणि सवारी नसली की हॉलमध्ये पडलेला असायचा.

"मायांजा," लुबोवा म्हणाला.

"मग शोधतोयस काय? पॅड त्याच्याकडे!"

मायांजा स्टँडवर मोटारसायकली धुवायचा. नुकताच मसाका गावाकडून आलेला. बोलायला गरीब, हसला की मान खाली घालायचा. वस्तीत त्याचा भाऊ नव्हता, मामा नव्हता, त्याच्या बाजूनं उभं राहील असं कुणीही नव्हतं. मंडळी, असाच माणूस आपल्याला पहिला आठवतो, नाही का?

आणि नेमका तेव्हाच मायांजा दारात आला. हात ओले, पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली.

"बॉस, एक मॅच मिळेल?"

लुबोवानं त्याची कॉलर धरली. "पॅड कुठाय?"

"कुठला पॅड?"

"नाटक करतो का रे!"

"नाही हो, सेबो," मायांजा अदबीनं म्हणाला. "मी सकाळीच बाकड्यावर ठेवून गेलो."

सेंटोंगोनं त्याच्या खिशातून फोन ओढून काढला. चार बोटं मारली आणि एकदम ओरडला, "हे बघा! ह्याच्या फोनमध्ये आहे! वायरलेस कंट्रोलर! जोडलेलाय अजून!"

त्या क्षणी लुबोवाला खरं काय ते माहीत होतं.

हे नीट ऐका. दिवसातून शंभरदा ते नाव तो स्वतःच लोकांना दाखवायचा. ज्यानं ज्यानं इथं एक मॅच खेळली, त्याच्या त्याच्या फोनमध्ये ते नाव राहतंच. मायांजाच्या फोनमध्ये ते नसतं तरच नवल! हे सगळं लुबोवाच्या डोक्यात येऊन गेलं. पण राग त्याच्या आधी हातात उतरला होता. त्यानं मायांजाच्या कानशिलात मारली आणि पूर्ण आवाजात ओरडला,

"चोर!"

झालं. हा शब्द एकदा दाराबाहेर गेला की त्याला मागे बोलावता येत नाही. समोरच्या न्हाव्यानं कैची ठेवली. भाजीवाल्यानं टोपली ठेवली. स्टँडवरचे लोक पळत आले. काय चोरलं, कुणाचं चोरलं, एकानंही विचारलं नाही.

मायांजाला रस्त्यावर ओढला. पहिली लाथ पोटात बसली. तो वाकला तर पाठीत दांडकं. पडला तर तोंडावर बूट. कुणीतरी अर्धी वीट आणली आणि त्याच्या उजव्या हातावर आपटली. बोटं मोडल्याचा आवाज आला. वाळकी काटकी मोडते तसा. आणि त्या आवाजावर लोक हसले!

"ह्याच हातानं चोरला ना?"

"दुसऱ्याही हाताला विचार!"

"बॉस," मायांजा रक्त थुंकत म्हणाला, "बॉस, तुम्ही सांगा ना यांना."

लुबोवाच्या हातात वायरचा तुकडा होता. त्यानं दोन फटके आधीच ओढले होते. तिसऱ्याला हात वर गेला तेव्हा त्याला मायांजाचा डोळा दिसला. एकच. दुसरा सुजून बंद झाला होता आणि त्यातून पाझरत होतं. तो डोळा गर्दीत फक्त लुबोवालाच बघत होता. लुबोवाचा हात वरच राहिला. सांगावंसं वाटलं. पण आता कसं सांगायचं? आपणच ओरडलो. आता मागे फिरलो तर लोक काय म्हणतील? ही गर्दी आपल्यावरच उलटली तर?

लुबोवा गप्प बसला. तेवढ्यात एकानं जुना टायर गडगडत आणला. सेंटोंगोनं मोटारसायकलच्या टाकीतून पाण्याच्या बाटलीत पेट्रोल काढलं. टायर मायांजाच्या गळ्यात घातला. पेट्रोलचा वास आला तसा तो ओरडायचा थांबला. त्याची पँट ओली झाली.

"बाजूला व्हा!"

नालोंगो गर्दीत शिरली. हाताला पीठ तसंच. तिला बघून लोकांनी वाट दिली. ती सरळ मायांजापाशी गेली, टायरला हात लावला आणि त्याच्या डोक्याशी मातीत फतकल मारून बसली.

"नालोंगो, उठा तिथून," सेंटोंगो म्हणाला. बाटली हातातच होती. "चोर आहे तो."

"ओत ना. माझ्यावर ओत आधी."

"असं नका बोलू हो."

"का? हात थरथरतोय? ह्या लेकराच्या अंगावर ओतायला निघालास तेव्हा नव्हता थरथरत. कुणी बघितला ह्याला चोरताना? तू बघितलंस?"

"फोनमध्ये नाव आहे त्याच्या!"

"कसलं नाव?"

"पॅडचं! जोडलेला आहे!"

नालोंगोनं लुबोवाकडे बघितलं. "मी तुझ्या दारात बसते, लुबोवा. मला मशीनमधलं काही कळत नाही, पण कान आहेत मला. तू दिवसभर पोरांना जे ओरडून सांगतोस ना, ते आता ह्यांना सांग."

सगळे लुबोवाकडे वळले.

"बोल की! चोर म्हणताना किती मोठा आवाज होता तुझा!"

हातातली वायर खाली पडली. त्याला मायांजाचा तो मोडलेला हात दिसला, बोटं भलतीकडेच वळलेली. आणि मग एकदम त्यानं खिशातून स्वतःचा फोन काढला.

"माझ्याही फोनमध्ये आहे! हे बघा! तेच नाव! जाळा मलाही!"

"काय बडबडतोय हा?" मागून कुणीतरी म्हणालं.

"सगळ्या पॅडचं नाव एकच असतं! एकदा जोडला की फोनमध्ये राहतं. सेंटोंगो, काढ तुझा फोन! तू गुरुवारी खेळलास. काढ! अरे, तुम्ही सगळेच काढा!"

सेंटोंगोनं बाटली डाव्या हातात घेतली आणि उजव्यानं फोन काढला. बघितलं. नाव होतं. शेजारच्यानं काढला. ज्यानं टायर आणला होता त्यानं काढला. ज्यानं वीट मारली होती त्याच्या फोनमध्ये ते नाव चार वेळा होतं! भर उन्हात, रस्त्याच्या मधोमध, हातात दांडकी घेऊन माणसं आपापल्या फोनमध्ये बघत उभी होती आणि कुणाचीच मान वर होत नव्हती.

"आता सांगा," नालोंगो म्हणाली, "कितीजणांना जाळायचंय? टायर एवढा एकच आणलाय तुम्ही."

"पण मग पॅड कुणी नेला?" सेंटोंगो पुटपुटला.

"आणि समज, ह्यानंच नेला असता! तर? खेळण्याच्या बदल्यात माणूस? तुझ्या घरातलं पोर उद्या कुणाची कोंबडी उचलेल, तेव्हा मी पेट्रोल घेऊन येऊ का तुझ्या दारात? पोलीस आहेत, वस्तीचा अध्यक्ष आहे. तिथं न्यायला पाय दुखतात तुमचे. मारायला हात नाही दुखत!"

सेंटोंगोनं बाटली गटारात उपडी केली. गर्दी पांगली. ज्यांनी सगळ्यात जास्त मारलं होतं ते सगळ्यात आधी गेले.

लुबोवानं टायर काढला. मायांजाला उचलताना तो किंचाळला, बरगड्या गेल्या होत्या. सेंटोंगोच्याच मोटारसायकलवर, दोघांच्या मध्ये धरून त्याला इस्पितळात नेला. वाटेत सेंटोंगोच्या शर्टाची सगळी पाठ लाल झाली.

डावा डोळा वाचला नाही. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली.

चौथ्या दिवशी मायांजा बोलायला लागला. लुबोवा खाटेशी बसला होता, घरून केळ्याचं मटोके वाफवून आणलेलं. आता हा शिव्या देईल, थुंकेल, असं त्याला वाटलं. तसं झालं तर बरंच, असंही वाटलं.

मायांजानं विचारलं, "बॉस, पॅड सापडला?"

"नाही."

मायांजा छताकडे बघत राहिला. "म्हणजे मी अजून चोरच."

"नाही रे! तू चोर नाहीस. मला तेव्हाच माहीत होतं."

"तेव्हाच?" मायांजानं मान वळवली. "ओरडायच्या आधी?"

लुबोवाला खोटं बोलता आलं असतं. "आधी," तो म्हणाला.

मायांजानं तोंड भिंतीकडे फिरवलं. मटोके तसंच गार झालं.

लुबोवा तिथून उठला आणि चालत पोलीस चौकीत गेला. टेबलापलीकडचा हवालदार भुईमुगाचे दाणे खात होता.

"काय काम आहे, सेबो?"

"ब्वाइसेत शनिवारी एका माणसाला जमावानं मारलं. तक्रार द्यायचीय."

"जमावाविरुद्ध?" हवालदार हसला. "जमावाला नाव असतं का? घरी जा."

"नाव आहे. लुबोवा. त्यानं आधी मारलं आणि चोर म्हणून तोच ओरडला. माणसानं चोरी केली नाही हे माहीत असून ओरडला."

हवालदारानं दाणे बाजूला सारले. "राहतो कुठं हा लुबोवा?"

"तुमच्या समोर उभा आहे."

हवालदारानं त्याला खालून वर बघितलं. "वेडा आहेस का? तुझ्याविरुद्ध कुणी आलेलं नाही. तो मार खाल्लेलाही आला नाही."

"म्हणून तर मीच आलो. त्याला उठता येत नाही."

त्या दिवशी लुबोवा कोठडीत गेला. बातमी वस्तीत पोचली तेव्हा लोक हसले, डोकं फिरलंय म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीच्या दारात सेंटोंगो उभा होता. त्याच्या मागे वीट मारणारा होता. नालोंगोही होती, आणि तिनं सगळ्यांसाठी चपात्या आणल्या होत्या.

"आमचीही नावं घ्या," सेंटोंगो म्हणाला.

तो काळा पॅड आजपर्यंत सापडलेला नाही.

मंडळी, जमाव म्हणून वेगळं कुणी नसतं. त्यात आपणच असतो, एकेक करून, नावागावासकट. कुणीतरी 'चोर' ओरडेल तेव्हा हातात दगड घ्यायच्या आधी एवढंच विचारा, बघितलं कुणी? आणि खरं काय ते तुम्हाला माहीत असेल, तर तेव्हाच बोला. त्याच क्षणी बोला! लुबोवा बोलला, पण दोन बोटं आणि एक डोळा उशिरा बोलला.